एमएस पेशंटच्या रक्तपेशींमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचाय? मग सुरुवात सुईपासून करा

एमएसवर, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसवर (ज्यात रोगप्रतिकारक म्हणजे इम्यून पेशी मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करतात तो आजार) काम सुरू करणारी मुलं मला सगळ्यात आधी विचारतात की ताई डाय, म्हणजे ऑक्सिडेशन झालं की चमकणारा रंग, कुठला घेऊ, डीसीएफ की मायटोसॉक्स, आणि मी दर वेळी उलट विचारते की रक्त कधी काढलंय, कुठल्या ट्यूबमध्ये, पेशंट कुठल्या औषधावर आहे, आणि ते लॅबमध्ये पोचेपर्यंत किती तास गेले. कारण इम्यून पेशी ही फार हळवी गोष्ट आहे, तिला हलवलं, गार केलं, तासन्‌तास ठेवून दिलं की ती स्वतःच ऑक्सिडंट बनवायला लागते किंवा दमून जाते, आणि मग मशीनवर जो आकडा येतो तो आजाराचा नसतो, आपल्या हाताळणीचा असतो. हे सगळं मी चुका करूनच शिकलेय, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांना पहिल्यांदा हे करायचंय त्यांनी घाई न करता वाचा.

आधी हे नक्की काय मोजायचंय ते बघू. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा एक पदार्थ नाही की घेतला आणि मोजला. पेशीत सुपरऑक्साइड तयार होतो, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, लोह मोकळं असेल तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो जो समोर येईल त्याला जाळतो, आणि सुपरऑक्साइडला नायट्रिक ऑक्साइड भेटलं की पेरॉक्सिनायट्राइट. हे सगळं एकत्र आरओएस म्हणून बोललं जातं पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आयुष्य वेगळं. बनवणारे मुख्य दोन, एक म्हणजे पेशीच्या पडद्यावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज, ज्याचा नॉक्स२ हा प्रकार न्यूट्रोफिल, मोनोसाइट, मॅक्रोफेज यांच्यात जोरात असतो, आणि दुसरं मायटोकॉन्ड्रिया, तिथे कॉम्प्लेक्स एक आणि तीनमधून इलेक्ट्रॉन गळतात. समोर रोखायला एसओडी, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन आणि त्यांची एन्झाइम्स, आणि या सगळ्यांना कामाला लावणारा एनआरएफ२ नावाचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन चालू करणारं प्रोटीन. बनवणं आणि आवरणं यांचा ताळमेळ बिघडला की त्याला आपण स्ट्रेस म्हणतो. म्हणजे नुसतं बनवणं जास्त दिसलं तरी स्ट्रेस आहे असं होत नाही, हे शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

एमएसमध्ये हे का महत्त्वाचं, तर मायलिन, म्हणजे नसांवरचं ते आवरण, हे चरबीने भरलेलं असतं, ते बनवणाऱ्या ऑलिगोडेन्ड्रोसाइट पेशींमध्ये लोह भरपूर आणि ग्लुटाथायोन कमी, म्हणजे ऑक्सिडेशनला आयतंच सापडलेलं ठिकाण. २०११ साली व्हिएन्नाच्या हान्स लासमन यांच्या ग्रुपने मेंदूतल्या सक्रिय लीजनमध्ये, म्हणजे इजा चालू असलेल्या डागांमध्ये, ऑक्सिडाइझ झालेली चरबी आणि डीएनए दाखवलं, आणि तिथे मायक्रोग्लिया-मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींमध्ये नॉक्सची भरही दिसते. पण मेंदूचा तुकडा आपल्याला मिळत नाही, रक्त मिळतं. त्यामुळे आपण रक्तातल्या पेशी बघून आजाराबद्दल काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि तिथे ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायचं.

आता पहिली पायरी, जी लोक टाळतात. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि बेंचसमोर चिकटवा. "एमएसमध्ये आरओएस जास्त असतात का" हा प्रश्न नाही, तो नुसता विषय झाला. "उपचार सुरू न केलेल्या रिलॅप्सिंग-रेमिटिंग पेशंटच्या सीडी१४ मोनोसाइटमध्ये, पीएमए दिल्यावर, सारख्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा सिग्नल जास्त वाढतो का", हा प्रश्न झाला. बघा, यात पेशी ठरली (मोनोसाइट, ज्यांच्यावर सीडी१४ ही खूण असते), स्थिती ठरली (झटके येऊन ओसरणारा एमएस, उपचाराआधी), उत्तेजक ठरला (पीएमए, पेशींना चेतवणारं रसायन), तुलना ठरली. असं लिहिलं की अर्ध्या गोष्टी आपोआप ठरतात. मोनोसाइट बघायचे असतील तर पीबीएमसी, म्हणजे रक्तातून वेगळे काढलेले लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, पुरतात, न्यूट्रोफिल बघायचे असतील तर पीबीएमसीचा काही उपयोग नाही कारण ते फायकॉलच्या, म्हणजे पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या द्रवाच्या, खाली लाल पेशींबरोबर बसतात, आणि टी सेल बघायच्या असतील तर नॉक्स२ चा विचार बाजूला ठेवून मायटोकॉन्ड्रियाकडे वळावं लागतं.

पुढची पायरी माणसांची निवड, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते अख्ख्या कामाचा निकाल इथेच लागतो. एमएस स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त, साधारण तीनास एक असं प्रमाण धरलं जातं, तर निरोगी ग्रुपमध्येही स्त्रिया तेवढ्याच प्रमाणात हव्यात, लॅबमधले चार मुलगे पकडून आणून चालत नाही. वय जुळायला हवं. सिगरेट ओढणारे वेगळे नोंदवा, सिगरेट एमएसचा धोका वाढवते आणि ऑक्सिडेशनही वाढवते, दोन्हीकडून गोंधळ. मग औषधं. हा भाग नीट बघा:

फिंगोलिमोड लिम्फोसाइटना लिम्फच्या गाठींमध्ये अडकवून ठेवतं, त्यामुळे रक्तात उरतात त्या वेगळ्याच प्रकारच्या टी सेल. नतालिझुमॅब उलटं, रक्तात लिम्फोसाइट वाढतात कारण त्यांना मेंदूत शिरता येत नाही. ऑक्रेलिझुमॅब किंवा रिटुक्सिमॅब बी सेल काढून टाकतात. डायमिथाइल फ्युमरेट तर थेट एनआरएफ२ ला जागं करतं, म्हणजे आपण जे मोजतोय त्यातच हात घालतं, आणि वरून लिम्फोसाइटची संख्या कमी करतं, विशेषतः सीडी८. आणि रिलॅप्स आला की रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन ते पाच दिवस शिरेतून दिलं जातं, त्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल रक्तात धो धो वाढतात आणि सगळ्या पेशींचा मूडच बदलतो. म्हणून स्टेरॉइडनंतर किमान महिनाभर थांबायची पद्धत आहे, किंवा जमलं तर स्टेरॉइडचा पहिला डोस लागायच्या आधी रक्त घ्या. सगळ्या औषधांवरचे पेशंट एका पिशवीत टाकून "एमएस ग्रुप" म्हणू नका, तो ग्रुप होत नाही.

रिलॅप्स म्हणजे काय तेही पक्कं करा, नवीन किंवा वाढलेली लक्षणं, किमान २४ तास टिकलेली, ताप किंवा इन्फेक्शन नसताना. साधं लघवीचं इन्फेक्शन असलं तरी जुनी लक्षणं उफाळून येतात आणि न्यूट्रोफिल पेटलेले असतात, मग आपण इन्फेक्शन मोजतो आणि नाव एमएसचं देतो. निदान कुठल्या सालच्या मॅकडोनाल्ड निकषांप्रमाणे (एमएस ओळखायचे ठरलेले निकष) झालंय, ते लिहा. ईडीएसएस, म्हणजे अपंगत्वाचा स्कोअर, लिहा, शून्य ते दहा, एकच्या पुढे अर्ध्या-अर्ध्या पायरीने. शेवटचा रिलॅप्स कधी ते लिहा.

एक साधा कागद बनवा जो प्रत्येक ट्यूबबरोबर फिरेल. रक्त काढल्याची वेळ, सेंट्रिफ्यूजमध्ये गेल्याची वेळ, औषध आणि कधीपासून, स्टेरॉइड कधी, ताप-सर्दी-लस गेल्या काही आठवड्यांत, सिगरेट, व्हिटॅमिनच्या गोळ्या, त्या दिवशी पळून किंवा भरपूर व्यायाम करून आलाय का, पोट रिकामं होतं का. इतकंच. आणि हो, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची लेखी संमती याशिवाय सुई उघडायची नाही, यात चर्चा नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते. एका जुन्या कामात पेशंट ओपीडीत सकाळी यायचे, त्यांचं रक्त नऊ-साडेनऊला मिळायचं, आणि निरोगी लोक म्हणजे आमचेच ओळखीचे, ते जेवण झाल्यावर सवडीने दुपारी यायचे. दोन महिने झाले, ग्राफ सुंदर आला, दोन ग्रुप स्वच्छ वेगळे, सगळे खूश. मग मी सहज चार निरोगी लोकांना सकाळी नऊला उपाशीपोटी बोलावलं आणि त्यांचे ठिपके जाऊन थेट पेशंटच्या ढगात बसले. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या आणि प्रकार दिवसभरात बदलतात, जेवणानेही बदलतात, आणि आम्ही दोन महिने घड्याळ मोजत होतो. ते सगळं काम टाकून द्यावं लागलं. त्या पेशंटनी हात पुढे करून रक्त दिलं होतं, काहींना चालताना त्रास व्हायचा तरी ते वर चढून आले होते, ते माझ्या मनातून अजून जात नाही. तेव्हापासून नियम एकच, जोडी. एक पेशंट आणि त्याच्या वयाचा एक निरोगी माणूस, त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, एकाच माणसाने, एकाच रॅकमध्ये. जोडी जमली नाही तर त्या दिवशी प्रयोग नाही.

रक्त काढताना. हेपॅरिनची हिरव्या टोपणाची ट्यूब घ्या. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पेशींच्या स्फोटक श्वसनाला, ज्याला रेस्पिरेटरी बर्स्ट म्हणतात, कॅल्शियम लागतं, म्हणून फंक्शन बघायचं असेल तर हेपॅरिन बरं. काहीही वापरा पण पहिल्या सॅम्पलपासून शेवटच्यापर्यंत तेच ठेवा. बारीक सुईने जोरात ओढू नका, लाल पेशी फुटतात. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, हलवायची म्हणून खळखळवू नका. बर्फात ठेवू नका, रूम टेम्परेचरला ठेवा, दोन तासांत काम सुरू करा आणि चार तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. रक्त जास्त वेळ पडून राहिलं की ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते, ते खाली न बसता पीबीएमसीच्या थरात घुसतात, आणि मग तुम्हाला वाटतं मोनोसाइट पेटलेत.

आता फायकॉल. हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही, पण तरी जवळून सांगते. रक्तात तेवढंच पीबीएस (खारट बफर) मिसळून पातळ करा. १५ मिलिच्या ट्यूबमध्ये ४ मिलि फायकॉल, घनता १.०७७, आणि तो रूम टेम्परेचरला आलेला हवा, फ्रिजमधून काढून लगेच नाही. ट्यूब ४५ अंशात तिरकी धरा, पिपेटचं टोक ट्यूबच्या आतल्या भिंतीला फायकॉलच्या किंचित वर टेकवा, आणि रक्त इतकं हळू सोडा की ते भिंतीवरून ओघळत फायकॉलवर पसरेल. सुरुवातीचे एक-दोन मिलि सगळ्यात नाजूक, तेव्हा श्वास रोखून, एकदा रक्ताची गादी तयार झाली की मग थोडा वेग चालतो. नीट झालं असेल तर लाल आणि पारदर्शक यांच्यात सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. रेघ धुरकट झाली, लाल धागे खाली उतरताना दिसले, तर ती ट्यूब गेली असं समजा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, २० अंश, आणि ब्रेक बंद. ब्रेक बंद करायला विसरलात तर थांबताना झटका बसतो आणि सगळे थर मिसळतात, मशीनवर चिठ्ठी लावून ठेवा. आणि आरपीएम नाही, जी लिहा, रोटर बदलला की तोच आरपीएम वेगळा जोर देतो.

बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल, आणि मधे एक पांढरट धुरकट कडी, दुधाची साय कडेला चिकटते तशी. तीच पाहिजे. पिपेट कडीवर टेकवून गोल फिरवत उचला, हावरटपणा करून खालचा फायकॉल फार ओढू नका कारण तो पेशींना बरा नाही आणि धुताना त्या खाली बसत नाहीत. मग पीबीएसने भरपूर पातळ करून ३०० जी ला दहा मिनिटं, आणि दुसऱ्यांदा २०० जी ला, हे कमी जोराचं धुणं प्लेटलेट घालवायला. प्लेटलेट मोनोसाइटना चिकटतात आणि त्यांना चेतवतात, त्यामुळे ही पायरी गाळू नका. तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळीत लाल झाक असेल तर थोडा वेळ लाल पेशी फोडणारा लायसिस बफर. १० मिलि रक्तातून साधारण एक कोटी किंवा थोड्या जास्त पेशी मिळतात. ट्रिपॅन ब्लूने मोजा, ९५ टक्क्यांपेक्षा कमी जिवंत असतील तर त्या दिवशी आरओएस मोजण्यात अर्थ नाही.

काढल्या काढल्या डाय घालू नका. पेशींना ३७ अंशावर तासभर शांत बसू द्या. दोन्ही जोडीदारांना सारखाच वेळ.

तर आता डाय, शेवटी. सगळ्यात जास्त वापरला जातो तो एच२डीसीएफडीए, ज्याला बोलताना डीसीएफ म्हणतात. तो पेशीत शिरतो, आतल्या एस्टरेज एन्झाइमने त्याची टोपी कापली जाते, मग ऑक्सिडाइझ होऊन हिरवा चमकतो, ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित करायचा आणि ५२५ च्या आसपास वाचायचा. स्वस्त, सोपा, आणि फसवा. तो हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट नीट रिॲक्ट होतच नाही, त्याला लोह किंवा पेरॉक्सिडेज मधे लागतं, वर तो स्वतःच थोडं सुपरऑक्साइड बनवून आपला सिग्नल वाढवतो. म्हणजे हिरवा वाढला याचा अर्थ पेशीत एकूण ऑक्सिडेशनचं वातावरण आहे, इतकाच घ्यायचा. २०२२ मध्ये मायकेल मर्फी आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच मोठ्या लोकांनी मिळून आरओएस मोजण्याचे नियम लिहिले, त्यात हेच ठासून सांगितलंय की डायचा सिग्नल आला म्हणून अमुक रेणू मोजला असं लिहू नका.

वापरायची पद्धत, डीएमएसओ या द्रावकात ताजा विरघळवा, एकदा उघडलेली कुपी महिनोन्‌महिने चालवू नका, प्रकाशाने आणि हवेने तो आपोआप ऑक्सिडाइझ होतो आणि मग रिकाम्या बफरमध्येही चमकतो. सीरम नसलेलं, फिनॉल रेड नसलेलं माध्यम घ्या कारण सीरममध्येही एस्टरेज असतात आणि डाय बाहेरच कापला जातो. ५ ते १० मायक्रोमोलार, ३७ अंश, अर्धा तास, अंधारात. मग धुवा आणि लगेच मशीनवर, कारण कापलेला डाय हळूहळू पेशीतून गळतो. पहिली ट्यूब आणि विसावी ट्यूब यांच्यात ४० मिनिटं गेली तर तो फरक आजाराचा म्हणून छापला जाऊ शकतो, म्हणून पेशंट आणि निरोगी आलटून-पालटून लावा, आधी सगळे पेशंट मग सगळे निरोगी असं कधीच नाही.

मायटोकॉन्ड्रियासाठी मायटोसॉक्स. हा धन भार असलेला रेणू, मायटोकॉन्ड्रियाच्या व्होल्टेजमुळे आत ओढला जातो, त्यामुळे व्होल्टेज बदललं तरी सिग्नल बदलतो, आरओएस तेवढेच असले तरी. ५ मायक्रोमोलारच्या वर जाऊ नका, जास्त झाला की न्यूक्लियसमध्ये जाऊन डीएनएला चिकटून चमकतो. आणि लाल रंग म्हणजे सुपरऑक्साइडच असं नाही, सुपरऑक्साइडचं खास उत्पादन वेगळं काढायला एचपीएलसी, म्हणजे रेणू वेगवेगळे करणारं मशीन, लागतं. न्यूट्रोफिलसाठी डीएचआर१२३ छान, थेट रक्तातच करता येतं, १०० मायक्रोलिटर रक्त, डाय, पीएमए, मग लाल पेशी फोडायच्या, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे नॉक्सचा जन्मजात दोष, ओळखायला हीच टेस्ट दवाखान्यात वापरतात, म्हणजे पद्धत घासून-पुसून पक्की झालेली आहे. पेशीच्या बाहेर येणारं पेरॉक्साइड बघायचं तर ॲम्प्लेक्स रेड. माझं मत विचाराल तर एकाच डायवर विसंबू नका, दोन वेगळ्या तत्त्वांचे घ्या, दोन्ही एका दिशेला गेले तर बोला.

कंट्रोलशिवाय हे सगळं व्यर्थ. डाय न घातलेल्या पेशी हव्यातच, आणि त्या प्रत्येक माणसाच्या, कारण मोनोसाइट मुळातच थोडे चमकतात. डाय घातलेल्या पण न चेतवलेल्या. टर्ट-ब्यूटाइल हायड्रोपेरॉक्साइड दिलेल्या, म्हणजे डाय काम करतोय हे कळतं. पीएमए दिलेल्या, साधारण १०० नॅनोमोलार, १५ ते ३० मिनिटं. आणि जी लोक विसरतात ती, विझवणारी ट्यूब, पेग-कॅटॅलेज (पेरॉक्साइड मोडणारं) किंवा डीपीआय (नॉक्स बंद पाडणारं) घालून, सिग्नल खाली आला तरच तो खरा. विझलाच नाही तर तो आरओएस नव्हता, काहीतरी दुसरंच चमकत होतं. निर्दयपणे हे तपासा.

सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर, डीसीएफ हिरव्या चॅनलमध्ये बसलाय तर तिथे दुसरी अँटिबॉडी ठेवू नका, सीडी१४, सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९ या पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या अँटिबॉडी लांबच्या रंगांत घ्या. मेलेल्या पेशींचा डाय घालाच, मेलेली पेशी डीसीएफ गमावते आणि अँटिबॉडी मात्र भरपूर चिकटवून घेते, दोन्हीकडून खोटं बोलते. एकमेकांना चिकटलेल्या जोड्या गेटने काढा. मशीनचं व्होल्टेज रोज ठरावीक चमकेच्या मण्यांवर तपासून तेच ठेवा, मधेच "सिग्नल कमी वाटतोय" म्हणून वाढवला तर आधीचे सगळे पेशंट तुलनेतून बाद. आकडा घेताना मीडियन घ्या, ॲव्हरेज नको, चार भडकलेल्या पेशी ॲव्हरेज पार वर नेतात. डाय न घातलेल्याची वजाबाकी करा. आणि मोनोसाइटची तुलना मोनोसाइटशीच, "मोनोसाइटमध्ये टी सेलपेक्षा आरओएस जास्त" असं या डायवरून म्हणता येत नाही, मोनोसाइटमध्ये एस्टरेजच जास्त असतात, पेशी मोठी असते, ती जास्त डाय खाते.

बाजूला ग्लुटाथायोन मोजा असं मी आवर्जून सांगते, कारण त्याने आवरणारी बाजू कळते. रिड्यूस्ड, म्हणजे ऑक्सिडाइझ न झालेलं, आणि ऑक्सिडाइझ झालेलं यांचं गुणोत्तर बघायचं. निरोगी पेशीत ऑक्सिडाइझ झालेलं फारच थोडं असतं, त्यामुळे पेशी फोडताना हवेने ते ऑक्सिडाइझ झालं की गुणोत्तर लगेच कोसळतं, म्हणून ऑक्सिडाइझ झालेलं मोजायचा भाग वेगळा काढून त्यात फोडताक्षणी एनईएम या रसायनाने थायोल (ग्लुटाथायोनचा ऑक्सिडाइझ होणारा गट) बंद करा, मग ॲसिडने प्रोटीन खाली बसवा, मग उणे ८० ला. वाचन एलमनच्या रिएजंटने ४१२ वर, पण बंद केलेला थायोल त्याला दिसत नाही, म्हणून एकूण ग्लुटाथायोन एनईएम न घातलेल्या भागातून घ्या आणि दुसऱ्या भागातलं उरलेलं एनईएम आधी काढून टाका. आणि लाल पेशी पूर्ण गेल्यात ना ते दहादा बघा, त्यांच्यात ग्लुटाथायोन भरलेलं असतं, गोळीत जराशी लाली उरली तरी तुम्ही लाल पेशींचंच मोजून बसता.

नुकसान मोजायला एमडीए (चरबी ऑक्सिडाइझ झाल्यावर उरणारा रेणू), टीबीएआरएस पद्धतीने, ५३२ वर, सगळे करतात कारण सोपं आहे, पण तो फार ढोबळ आहे, साखरही त्यात रंग देते. चरबीच्या ऑक्सिडेशनसाठी एफ२-आयसोप्रोस्टेन जास्त भरवशाचं, मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर. एनआरएफ२ जागा आहे का ते बघायला एचएमओएक्स१, एनक्यूओ१, जीसीएलसी या जीन्सचं क्यूपीसीआर, म्हणजे जीन किती चालू आहेत त्याची मोजणी, डायमिथाइल फ्युमरेटवरच्या पेशंटमध्ये एनक्यूओ१ वाढलेलं दिसलं तर औषध पोटात जातंय याचीही खूण मिळते.

हिशोब करताना एवढं लक्षात ठेवा, एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे माणसं. दहा हजार पेशी मोजल्या म्हणून एन दहा हजार होत नाही.

आणि आता अर्थ लावणं, ज्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आकडा वाढला की वाईट, कमी झाला की चांगलं, असं मनात धरून बसू नका. २००३ मध्ये रिकार्ड होल्मडाल यांच्या ग्रुपने उंदरांच्या मोठ्या भावंडांत, म्हणजे रॅटमध्ये, दाखवलं की एनसीएफ१ जीनमुळे नॉक्सचं काम कमी पडलं, आरओएस कमी झाले, तर संधिवात जास्त भडकला. ज्या मुलांना नॉक्स२ चा जन्मजात दोष असतो त्यांना इन्फेक्शन तर होतातच पण सूजही बेसुमार वाढते. टी सेलना चेतायलाही मायटोकॉन्ड्रियाचे थोडे आरओएस लागतात. आणि एमएसमध्येच बघा, २०१९ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की डायमिथाइल फ्युमरेट लागू पडलेल्या पेशंटच्या मोनोसाइटमध्ये आरओएस उलट वाढले होते. ज्या औषधाला आपण अँटिऑक्सिडंट मार्गाचं म्हणतो त्याने मोनोसाइटमध्ये ऑक्सिडेशन वाढवलं आणि तेच फायद्याशी जोडलं गेलं! म्हणून रक्तातला आरओएस वाढला तर आधी विचारा कुठल्या पेशीत, कुठल्या औषधावर, आजाराच्या कुठल्या टप्प्यात. मेंदूतल्या लीजनमध्ये जे जाळतं तेच रक्तातल्या मोनोसाइटमध्ये लगाम घालत असू शकतं. रिपोर्टमध्येही "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढला" असं न लिहिता "पीएमएनंतर सीडी१४ पेशींमध्ये डीसीएफचा मीडियन सिग्नल वाढला, डीपीआयने तो विझला" असं लिहा, वाचणाऱ्याला नक्की काय केलं ते कळतं.

राहिलं पेशंटचं. रक्त दिलेला माणूस हमखास विचारतो, माझं काय आलं, मी व्हिटॅमिन ई सुरू करू का, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊ का. हा प्रश्न टाळू नका आणि घाईत "हो घ्या" असंही म्हणू नका. इनोसिन देऊन युरिक ॲसिड वाढवून बघितलं होतं, युरिक ॲसिड पेरॉक्सिनायट्राइट टिपतं म्हणून आशा होती, पण इंटरफेरॉन या एमएसच्या औषधाबरोबर देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही आणि काहींना मुतखडे झाले. मी समोर बसून सांगते की ही टेस्ट संशोधनाची आहे, तुमच्या आजाराचा जोर किंवा औषध चालतंय की नाही हे यावरून ठरत नाही, ते तुमचे न्यूरॉलॉजिस्ट एमआरआय आणि तपासणीवरून ठरवतात, चालू औषध यावरून बंद करू नका, कुठलीही गोळी नव्याने घ्यायची असेल तर आधी त्यांना विचारा, आणि सिगरेट ओढत असाल तर ती सोडायला आम्ही मदत करू. मग त्यांची पुढची वेळ विचारून कागदावर लिहून घेते, सकाळची, आणि त्याच सकाळी त्यांच्या वयाच्या निरोगी जोडीदाराला फोन करते.